हिरवा इग्वाना घरात पाळायचा विचार आहे: जागा, निगा, कागदपत्रं आणि मुळात पाळावा का?

पालापाचोळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

घरात हिरवा इग्वाना (एक प्रकारचा मोठा सरडा) आणायचं चाललं आहे. पिल्लू शेपटीसकट वीतभर आहे. विक्रेता त्याच्यासोबत पूर्ण संच देतो: तीन फुटी काचेची पेटी, तापणारा दगड, पिळाचा छोटा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) बल्ब आणि डब्यातलं गोळीखाद्य. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इग्वाना पेटीच्या मापानेच वाढतो, रोज हाताळला की माणसाळतो, आणि पैदास बंदिवासातलीच असल्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही.

वाचलेलं आणि विक्रेत्याने सांगितलेलं यांचा मेळ बसत नाही, म्हणून इथे विचारतो आहे. पूर्ण वाढीच्या प्राण्याला खरोखर किती जागा आणि कसली उपकरणं लागतात? नेमकं काय बिघडतं आणि कशामुळे? घरात चार वर्षांचं मूल आहे, त्याला धोका कितपत? कागदपत्रं म्हणजे कुठली मागायची?

आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न. सगळी सोय करता आली, तरी असा प्राणी खासगी घरात ठेवणं योग्य आहे का? 'कायद्याने चालतं' एवढ्यावर समाधान होत नाही. ज्यांचं मत विरोधात आहे त्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

तापमापी

इग्वाना पेटीच्या मापाने वाढत नाही. लहान पेटीत ज्याची वाढ थांबलेली दिसते तो प्राणी आजारी असतो. नीट निगा राखली तर पहिलं वर्ष संपता संपता तो दोन-अडीच फुटांचा होतो आणि पूर्ण वाढीचा नर पाच-सहा फूट भरतो. निम्म्याहून जास्त लांबी शेपटीची असते, पण शेपटी वळवायलाही जागा लागतेच. वजन चार ते सहा किलो, आयुष्य पंधरा ते वीस वर्षं.

किमान पिंजरा सहा फूट लांब, तीन फूट खोल, सहा फूट उंच. उंचीत तडजोड नको. हा झाडावर राहणारा प्राणी आहे आणि शिकारी पक्षी हे त्याचे जुने वैरी, त्यामुळे डोक्यावरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी झडप. जमिनीलगतच्या पेटीत माणसं दिवसभर वरून वाकून बघतात आणि तो दिवसभर भेदरलेला राहतो. बसायची फळी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून वर हवी. हात न्यायचा तो बाजूने किंवा खालून, वरून कधीच नाही. फांद्या त्याच्या धडाइतक्या जाड आणि घट्ट बसवलेल्या असाव्यात. चारही बाजूंना काच नको. पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही, म्हणून तो नाक घासत राहतो आणि नाकाचं टोक सोलून निघतं. तीन बाजू अपारदर्शक ठेवल्या की हे बरंच कमी होतं.

आता उष्णता. ऊन खाण्याच्या जागी 35 ते 38 अंश सेल्सिअस, बाकी पिंजऱ्यात 26 ते 30, रात्री 22 च्या खाली नाही. आर्द्रता 60 ते 80 टक्के. तापणारा दगड घेऊच नका. इग्वाना पाठीवर ऊन घेतो. पोटाखालची उष्णता त्याला वेळेवर जाणवत नाही आणि कातडी भाजेपर्यंत तो तिथेच बसून राहतो. मोठ्या प्राण्यावर एकच प्रखर दिवा लावणं ही दुसरी नेहमीची चूक. त्याचा झोत तळहाताएवढा पडतो. पाठीचा तेवढा तुकडा भाजत राहतो आणि बाकीचं शरीर गारच असल्यामुळे प्राणी जागचा हलत नाही. त्यापेक्षा कमी वॉटचे दोन-तीन हॅलोजन दिवे एका ओळीत लावा, म्हणजे मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत सारखी ऊब मिळेल. दिव्यांना बाहेरून जाळी हवीच, नाहीतर तो दिव्यावरच चढतो. रात्रीच्या उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा.

थर्मोस्टॅटशिवाय (तापमान बघून दिवे चालू-बंद करणारं यंत्र) काहीही चालू ठेवू नका, आणि थर्मोस्टॅट लावला म्हणजे निर्धास्त झालो असंही समजू नका. त्याची प्रोब (तापमान मोजणारं तारेचं टोक) निसटून गार कोपऱ्यात पडली की यंत्राला वाटतं अजून थंडीच आहे, मग ते दिवे पूर्ण ताकदीने जाळत राहतं आणि वर प्राणी शिजतो. म्हणून प्रोब वायर-क्लिपने पक्की करायची, वेगळ्या कंपनीचा दुसरा तापमापक ऊन खाण्याच्या जागी ठेवायचा आणि रोज सकाळी इन्फ्रारेड तापमापीने फळीचा पृष्ठभाग तपासायचा. वीज गेली तर उष्णता टिकवणाऱ्या बंद खोक्यात प्राणी आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा. अंग गार असेपर्यंत खायला घालू नका, कारण उबेशिवाय पचन थांबतं आणि अन्न पोटातच कुजतं.

यूव्हीबीसाठी पिळाचा बल्ब पुरत नाही. टी5 प्रकारची सरळ नळी घ्या, 10 ते 12 टक्के यूव्हीबीची, पिंजऱ्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची. ती ऊन खाण्याच्या जागेवर, पाठीपासून साधारण 30 ते 45 सेंटिमीटरवर, डोक्याच्या वर बसवा. बाजूने लावली तर डोळ्यांना इजा होते. रोज बारा तास, टायमरवर. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक असेल तर यूव्हीबी जवळपास सगळं अडतं, म्हणजे बंद खिडकीतल्या उन्हाचा काही उपयोग नाही. बारीक जाळीही बराच भाग खाते. नळी डोळ्याला उजळ दिसत राहते पण तिचं यूव्हीबी आधीच घसरलेलं असतं. यूव्ही मीटर असेल तर पाठीच्या पातळीवर निर्देशांक 3 ते 5 ठेवा आणि तो खाली आला की नळी बदला. मीटर नसेल तर वर्षाच्या आत बदलाच.

हे चुकलं की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बंदिवासातल्या पिल्लांचा सगळ्यात नेहमीचा आजार हाच. यूव्हीबी नाही म्हणून कातडीत ड3 जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही म्हणून अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतून ते ओढून घेतं. हाडांच्या जागी तंतुमय ऊती भरते. मांड्या गुटगुटीत दिसतात, आणि लोकांना वाटतं प्राणी छान भरला आहे. खालचा जबडा रबरासारखा मऊ आणि सुजलेला, बोटांना बारीक थरथर, बद्धकोष्ठ, मागचे पाय ओढत चालणं. थरथर दिसली त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उशीर झाला तर आजार थांबवता येतो, पण वाकलेला कणा सरळ होत नाही.

खाणं पूर्ण शाकाहारी. 80 ते 90 टक्के गडद हिरवा पाला: जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, डँडेलियन, कोलार्ड. उरलेल्यात भोपळा, शेंगा, आणि फळ अगदी नावापुरतं. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण 2:1 च्या आसपास राहिलं पाहिजे. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तो रोज नको. लेट्यूसमध्ये पाण्यापलीकडे फारसं काही नाही. इग्वाना अन्न चावून खात नाही, तुकडा तोडून गिळतो, त्यामुळे पिल्लाला पाला बारीक चिरून द्या. सकाळी, अंग तापल्यावर. ड3 नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड पिल्लाला रोज चिमूटभर, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा.

किडे, अंडी, कुत्र्या-मांजरांचं खाद्य कधीच नाही. प्रथिनांचा कचरा हा प्राणी युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतो. प्रथिनं जास्त आणि पाणी कमी, असं काही वर्षं चाललं की मूत्रपिंडं जातात. गोळीखाद्य कोरडं असतं, त्यामुळे तेच मुख्य अन्न ठेवलं तर पाण्याची तूट रोजची होते. पाल्यावर पाणी शिंपडून द्या आणि आत बसता येईल एवढं पाण्याचं भांडं ठेवा. तो बहुतेक वेळा पाण्यातच शी करतो, म्हणजे ते भांडं रोज धुणं आलं.

जाता जाता: भिंतीवर पांढरे वाळलेले शिंतोडे दिसले तर घाबरू नका. नाकातल्या ग्रंथीतून जादा मीठ शिंकून टाकायची त्याची ती पद्धत आहे.

निवडुंग

वरची निगा अचूक आहे, आणि ती वाचूनच माझं उत्तर 'नाही' असं आहे.

ही सगळी धडपड कशासाठी, ते बघा. एका झाडाची फांदी, तिच्यावर पडणारं ऊन आणि पावसाची हवा यांची नक्कल करायला दिवे, नळ्या, मीटर आणि रोजची पहारेदारी. एवढं करून प्राण्याला मिळतं ते जगण्यापुरतं. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या सोबतीने घडला आहे, माणसाजवळ असणं ही त्याची स्वतःची गरज आहे. इग्वानाला माणसाकडून काहीच नको असतं. बंदिवासात दोन-तीन पिढ्या झाल्याने प्राणी पाळीव होत नाही. तो फार तर सहन करायला शिकतो.

'माणसाळतो' म्हणजे काय होतं तेही सांगायला हवं. हातात घेतल्यावर इग्वाना डोळे मिटतो, आणि लोक समजतात तो सुखावला. बरेचदा ते नको असलेलं समोरून घालवण्यासाठी मिटलेले डोळे असतात. सुटायचा प्रयत्न सोडून दिलेला प्राणी आणि निवांत प्राणी बाहेरून सारखेच दिसतात. स्लो लोरिस या माकडांच्या गणातल्या छोट्या प्राण्याचं उदाहरण याहून वाईट. गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो म्हणून त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. प्रत्यक्षात कोपराजवळ दंडाच्या आतल्या बाजूला असलेल्या विषग्रंथीपर्यंत तोंड पोचावं म्हणून घेतलेला तो बचावाचा पवित्रा आहे, आणि विक्रीला आलेल्या बऱ्याच लोरिसांचे दात आधीच कापलेले असतात. सगळ्या लोरिसांना 2007 मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात टाकावं लागलं. बघणाऱ्याला गोड वाटणं आणि प्राण्याचं बरं चालणं यांचा संबंध नाही, हे मनाशी पक्कं करूनच निर्णय घ्या.

1979 साली ब्रिटनमध्ये पाळीव जनावरांसाठी 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली. त्यातलं एक म्हणजे आपल्या जातीचं स्वाभाविक वर्तन करता येणं. भूक, तहान, आजार यांची काळजी चांगला पाळणारा घेऊ शकतो. पण पाच-सहा फुटी वृक्षवासी प्राण्याचं स्वाभाविक वर्तन सहा फुटांच्या चौकटीत कितपत होईल, याचं प्रामाणिक उत्तर मालकानेच द्यायचं आहे. पिल्लू विकत घेणं म्हणजे त्या जागी आणखी एक पिल्लू मागवणं, हेही लक्षात असू द्या.

काटेसावर

निवडुंग यांच्या भूमिकेचा आदर आहे. सरसकट 'नाही' म्हणणार नाही, पण हा व्यवहार मात्र करू नका. कारण कागदपत्रांत आहे.

हिरवा इग्वाना साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. साइट्स हा वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, 1973 चा, अंमल 1975 पासून. दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी सीमा ओलांडताना निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो आणि त्या परवान्यावर प्राणी कुठून आला याचं एक अक्षर असतं. नीट वाचायचं ते हे अक्षर. 'डब्ल्यू' म्हणजे रानातून पकडलेला. 'आर' म्हणजे अंडी किंवा पिल्लं रानातून आणून वाढवलेली. 'एफ' म्हणजे जन्म बंदिवासातला, पण बंदिवासातल्या पैदाशीच्या कडक व्याख्येत न बसणारा. 'सी' म्हणजे आईबापही बंदिवासात जुळलेले आणि तो कळप रानातून भर न घालता पुढच्या पिढ्या देऊ शकणारा. विक्रेते या चारही प्रकारांना सर्रास 'आमच्याकडची पैदास' म्हणतात. गाभण मादी पकडून तिची अंडी पिंजऱ्यात उबवली, तरी पिल्लं 'इथे जन्मलेली' ठरतात.

तेव्हा मागायचं ते असं. आयात झाली असेल तर त्या परवान्याची प्रत. स्थानिक पैदास असेल तर आईबापांची नोंद, अंडी फुटल्याची तारीख, पैदास करणाऱ्याचा परवाना किंवा नोंदणी, आणि जिच्यावर शास्त्रीय नाव 'इग्वाना इग्वाना' असं लिहिलेलं आहे अशी पावती. 'भानगड नाही' या उत्तराचा अर्थ कागद नाहीत एवढाच. नंतर प्राणी जप्त झाला तर ज्याच्या ताब्यात तो सापडला त्याला जबाब द्यावा लागतो.

साइट्स फक्त सीमेवरच्या व्यापाराचं बघते. घरात ठेवता येईल की नाही हे देशाचा कायदा, त्याखाली प्रांताचा किंवा शहराचा नियम, आणि त्याखाली घरमालकाचा करार ठरवतो. तिन्ही लेखी तपासा. हे नियम बदलतात हेही हिशेबात धरा. राखाडी आफ्रिकन पोपट 2016 च्या निर्णयाने पहिल्या परिशिष्टात गेला, आखूड नखांचं पाणमांजर आणि स्टार कासव 2019 मध्ये. ज्यांच्याकडे हे प्राणी आधीपासून होते त्यांना जुन्या पावत्या शोधाव्या लागल्या. फ्लोरिडाने 2021 मध्ये हिरव्या इग्वानाला बंदीच्या यादीत टाकलं. वीस वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात असा बदल एकदा तरी होईल असं धरूनच कागद जपा आणि मायक्रोचिप बसवून घ्या.

फ्लोरिडाने हे का केलं, त्यात तुमच्या नैतिक प्रश्नाचा मोठा भाग आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी लाखो इग्वाना पिल्लं आयात होत होती. त्यातली बरीच मेली. काही मोठी झाल्यावर सोडून दिली गेली, काही निसटली. आज फ्लोरिडात कालव्यांचे काठ त्यांच्या बिळांनी ढासळतात. ग्रँड केमन बेटावर 2018 मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली आणि दहा लाखांहून जास्त इग्वाना मारावे लागले. पूर्व कॅरिबियनमध्ये लेसर अँटिलियन इग्वाना ही वेगळी जात आहे, अतिसंकटग्रस्त. हिरवा इग्वाना तिच्याशी संकर करतो, संकरित पिल्लंही प्रजननक्षम असतात, आणि काही बेटांवर मूळ जात अशी विरघळून संपली. कंटाळून 'निसर्गात सोडला' तर कुठल्या तरी दुसऱ्या प्राण्याचा जीव पणाला लागतो. मालकाची जबाबदारी घराच्या भिंतीपाशी संपत नाही ती यामुळे.

'कोणाला परवानगी द्यायची' हे ठरवायची एक पद्धत मला पटते. बंदी घातलेल्यांची यादी वाढवत बसण्यापेक्षा, जे घरात नीट राहू शकतात असं दाखवता येतं त्यांचीच यादी करायची, बाकी सगळे नाहीत. बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी असं आधीच केलं आहे. नेदरलँड्समध्ये जुलै 2024 पासून 30 सस्तन जातींची यादी लागू आहे. पुराव्याचं ओझं प्राण्यावरून उचलून पाळणाऱ्यावर येतं. कायदा नसला तरी तुम्ही स्वतःला हाच नियम लावू शकता.

पालापाचोळा

सगळ्यांचे मनापासून आभार. पिल्लू घेत नाही, हे नक्की झालं.

पण सोडून दिलेले किंवा नको झालेले मोठे इग्वाना निवारा केंद्रांत असतात असं दिसतंय. निवडुंग यांचा 'आणखी एक पिल्लू मागवणं' हा आक्षेप तिथे लागू होत नाही. पिंजऱ्याला लागणारा कोपरा रिकामा आहे. असा प्रौढ प्राणी घेणं योग्य ठरेल का, आणि घेताना काय तपासायचं? मुलाबद्दलचं उत्तरही राहिलंच.

रानवाट

हो, असा प्राणी घ्यायला माझा पाठिंबा आहे. जो जन्मलेला आहे त्याला कुठेतरी राहायचंच आहे, आणि प्रौढ घेतला तर तो केवढा होणार, नर की मादी, स्वभाव कसा, हे समोर दिसतं. पण मुलाचं आधी बघू, कारण तिथे उत्तर 'आत्ता नको' असं येऊ शकतं.

निरोगी इग्वानाच्या आतड्यातही साल्मोनेला असतोच असं समजून चालायचं. विष्ठेतून तो कातडीवर, भांड्यावर, जमिनीवर येतो. प्राण्याला प्रतिजैविकं देऊन तो संपत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, 65 च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना त्याचा संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली ती लहान मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. चार वर्षांच्या मुलाने इग्वानाला हात लावलाच नाही, तरी ज्याने लावला तो दाराची कडी, खेळणी, उशी सगळीकडे हात लावतो. म्हणून मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबा. पुढेही इग्वाना स्वयंपाकघरात येणार नाही, त्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतलं जाणार नाही, त्याचं पाणी थेट संडासात ओतायचं आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. जंतुनाशक लावण्याआधी विष्ठा पूर्ण खरवडून काढा, घाणीवर ओतलेलं जंतुनाशक काम करत नाही.

नर घेणार असाल तर विणीच्या हंगामाची तयारी हवी. वर्षातले काही आठवडे ते दोन-तीन महिने तोच प्राणी वेगळा वागतो. अंगावर केशरी झाक, मान जोरजोरात हलवणं, बाजूने चपटा होऊन उभं राहणं, तोंड उघडून चालून येणं. दात लहान पण करवतीसारखे असतात, चावा घेऊन तो मान झटकतो आणि टाके घालावे लागतील अशी जखम होते. त्या काळात त्याला मोकळा सोडायचा नाही, आरसे आणि चमकणाऱ्या काचा झाकायच्या, हाताळणी बंद. याला 'बिघडला' म्हणून निवारा केंद्रात आणून टाकणारे पुष्कळ. एका पिंजऱ्यात दोन नर कधीही नाहीत.

मादी नराशिवायही अंडी घालते, हे बऱ्याच जणांना तिने खाणं टाकल्यावर कळतं. तिला निदान दोन फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल ओलसर माती-वाळूची पेटी लागते, खणलं तर बीळ टिकेल एवढी दाबलेली. जागा मनाजोगी नसेल तर ती अंडी धरून ठेवते. अंडी भरलेली मादी काही आठवडे कमी खाते पण सावध आणि चपळ असते, तोवर चिंता नाही. ती मलूल झाली, मागचे पाय लुळे पडले किंवा थोडी अंडी घालून थांबली तर ते तातडीचं प्रकरण. बाहेर आलेली अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. ज्या प्राण्यांना घरं मिळत नाहीत त्यांची संख्या आपल्या हाताने वाढवायची नाही. शक्य असेल तर मादीचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढून घेणं हा कायमचा उपाय आहे, मात्र सरपटणाऱ्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्याच डॉक्टरकडून.

प्राणी घेण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, तुमच्या पोचण्याच्या टप्प्यातला सरपटणाऱ्यांवर उपचार करणारा डॉक्टर, आणि तो सुट्टीवर असताना कोण. दुसरी, तुम्ही आजारी पडलात, घर बदललं किंवा तुमच्या मागे प्राणी उरला तर तो कोणाकडे जाणार. त्या माणसाची संमती आणि प्राण्याच्या खर्चाची तरतूद दोन्ही करून ठेवा. 'बघू तेव्हा' यातूनच निवारा केंद्रं भरली आहेत. परत घेण्याची अट केंद्राच्या करारात असेल तर उत्तम, नसेल तर घालून मागा.

आता प्रत्यक्ष तपासणी. प्राणी फळीवर बसलेला असताना आधी दुरूनच पाच-दहा मिनिटं बघा. धड उचलून धरलेलं हवं, डोळे दोन्ही उघडे आणि भरीव, नजर माणसामागे फिरणारी. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी हाड उठून दिसत असेल तर तो खंगलेला आहे. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा आणि कडक लागला पाहिजे. बोटं एकेक करून बघा. कात टाकताना जुन्या कातडीची कडी बोटाभोवती किंवा शेपटीच्या टोकाला अडकून राहते, वाळून आवळते आणि रक्त थांबल्यामुळे पुढचा भाग काळा पडून गळतो. ओल्या कापडाने मऊ करून ती काढता येते, ओढून नाही. उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार द्या, शेपटीला धरू नका, तुटून हातात येईल. पुन्हा वाढलेली शेपटी गडद आणि बोथट दिसते, तो दोष नाही.

वजन दर महिन्याला त्याच काट्यावर, वहीत लिहून. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर. घरात आणखी एखादा सरपटणारा प्राणी असेल तर नव्याला तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनिशी.

आणि रक्ततपासणी ताब्यात घेण्याआधी करून घ्या, नंतर नाही. विष्ठेत परजीवी, रक्तात युरिक ॲसिड, कॅल्शियम आणि फॉस्फरस, सोबत एक क्ष-किरण चित्र. मध्यमवयीन इग्वानाची मूत्रपिंडं निकामी होत आली तरी तो बराच काळ ठीक दिसतो. रक्तात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस वर गेलेला असेल आणि क्ष-किरणात मूत्रपिंडं कटिरातून (कमरेच्या हाडांच्या पोकळीतून) पुढे पोटात आलेली दिसत असतील, तर ती सुजून आतडं दाबायला लागली आहेत. असा प्राणी घेऊ नका असं नाही, पण मग तुम्ही त्याला शेवटचे महिने बरे जावेत म्हणून घेता आहात. पाणी देत राहणं, दुखणं कमी करणं आणि वेळ आली की डॉक्टरकडून शांतपणे मरण देणं, एवढं हातात असतं. ते करायची घरात सगळ्यांची तयारी आहे का, हे अहवाल हातात आल्यावर बसून बोला आणि मगच करारावर सही करा.